हीटरचा नॉब

१

मास्तर शिकाऊ मुलांना पहिला धडा विमान उडवण्याचा देत नसत. विमानात बसल्याजागी मरण्याचा देत. क्लबच्या हँगरमध्ये हातात चहाचा कप धरून ते सांगत, की छोट्या विमानातला हीटर म्हणजे काही वेगळं यंत्र नव्हे. इंजिनाचा धूर ज्या सायलेन्सरमधून बाहेर जातो, त्याच्याभोवती पत्र्याचं वेष्टण असतं. बाहेरची गार हवा त्या वेष्टणात शिरते, तापलेल्या सायलेन्सरला घासून जाते आणि ऊबदार होऊन आपल्या पायांशी येते. समोरचा नॉब ओढला की हवा चालू, आत दाबला की बंद. सायलेन्सरला चीर गेली, तर उबेबरोबर धूरही आत.

"धुराचा वास येतो," मास्तर म्हणत, "पण धुरातल्या ज्या गॅसने माणूस मरतो त्याला ना वास, ना रंग. आमच्या सासऱ्यांसारखा. आलेत हे कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. आधी अक्कल जाते, मग डोकं दुखतं, मग माणूस जातो. आणि अक्कल गेलेली ज्याची त्याला कळत नाही, हे तुम्ही घरोघरी पाहताच."

यावर मुलं हसत. मग वर गेल्यावर मास्तर त्यांचं हसणं वसूल करत. "ते तळं बघ किती सुंदर दिसतंय," असं म्हणून मुलाची नजर बाहेर वळवायची आणि हळूच हीटरचा नॉब ओढायचा, ही त्यांची जुनी खोड. क्लबात तिला 'मास्तरांचा चोरहात' म्हणत. पायाला ऊब लागताच मुलाने नॉब आत दाबून, ताज्या हवेच्या झडपा उघडून मोठ्याने म्हणायचं : हीटर बंद, झडपा उघड्या, खिडकी उघडी. न म्हटलं तर मास्तरांची स्टीलची फूटपट्टी बोटांच्या पेरांवर बसे. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस पुढे कितीही मोठं विमान उडवू लागला, तरी पायाला ऊब लागली की दचकत असे.

सध्या ही फूटपट्टी खात होता त्यांचा जावई. तो दातांचा डॉक्टर. एकुलत्या एक मुलीने, चिऊने, लग्न ठरवलं तेव्हा मास्तर काही बोलले नव्हते. पण जावयाने सासऱ्याकडूनच विमान शिकायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांना गंमत वाटली होती. घरी ते त्याला "अहो डॉक्टर, घ्या ना आणखी चहा" म्हणत आणि विमानाचं दार लागलं की "अरे गाढवा." दार हीच काय ती सीमारेषा.

चिऊ क्लबच्या रेडिओखोलीत बसे. त्या सकाळी ती हँगरमध्ये आली आणि वडिलांसमोर हात पसरून उभी राहिली.

"फूटपट्टी द्या, बाबा."

"का?"

"त्यांच्या बोटांवरचे वळ पाहून पेशंट घाबरतात. म्हणतात, डॉक्टरला कुणी चावलं वाटतं. त्या बोटांवर आमचं पोट आहे."

"आज शेवटचा दिवस. आज नीट उडवलं तर उद्यापासून एकटे जातील. मग मारायला मी कुठे असणार?"

"नीट आणा म्हणजे झालं," चिऊ म्हणाली. हसत म्हणाली, पण जाताना तिने नवऱ्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तिथेच क्षणभर हात ठेवला. मास्तरांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. फूटपट्टी त्यांच्या खिशातच राहिली.

एवढ्यात क्लबचा मिस्त्री हात पुसत आला. मास्तर आणि तो बरोबरच म्हातारे झाले होते. विमान कुणाचं, हा वाद त्यांच्यात अजून मिटलेला नव्हता.

"मास्तर, काल हीटर उघडा टाकून गेलात."

"मी? मी घरचा नळ उघडा टाकीन, हीटर नाही."

"मग उंदराने ओढला."

"थंडी वाजली असेल बिचाऱ्याला. सायलेन्सर?"

"नवाकोरा बसवलाय. हवा भरून साबणाचं पाणी लावून पाहिलं. एक बुडबुडा आला तर मिशी उतरवीन."

मास्तरांनी नॉब दोनदा ओढून दाबून पाहिला. ठीक होता. थोडा जड वाटला. पण नवीन वस्तू जडच जाते.

२

वर हवा स्वच्छ होती आणि थंडी अशी, की नाकाचं अस्तित्व हात लावून पडताळावं लागे. डावीकडे जावई, उजवीकडे मास्तर, मधे एक वीत जागा. त्या जागेत आग विझवायचा छोटा लाल सिलिंडर. समोर काचेखाली घड्याळांची रांग आणि तिच्या कडेला चिकटवलेला गॅसचा कागद. त्यावर एक पिवळट ठिपका असतो. गॅस आला की तो काळवंडतो.

डॉक्टर छान उडवत होता. हे कबूल करणं मास्तरांना अवघड गेलं, म्हणून त्यांनी ते मोठ्याने केलं नाही. दोन्ही हात काखेत घालून ते खाली खाणीचे पांढरे खड्डे पाहत बसले होते. चोरहात परत येतानाच्या वाटेवर करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"हीटर बंद!" डॉक्टर एकदम ओरडला. "झडपा उघड्या! खिडकी उघडी!"

आणि खरोखरच खिडकी उघडून, गार वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलेलं असताना तो सासऱ्याकडे अभिमानाने पाहू लागला.

"काय झालं?" मास्तर म्हणाले.

"पकडलं ना तुम्हाला? पायाला जरा ऊब लागली नाही तोच पकडलं."

मास्तरांचे हात काखेतच होते. त्यांनी ते तिथून काढले नाहीत. परीक्षेत प्रश्न येण्याआधीच उत्तर लिहून ठेवणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. याने स्वतःच नॉब ओढला, स्वतःच दाबला आणि आता शाबासकी मागतोय. दात काढणारा माणूस. आधी दुखवायचं आणि मग थांबवलं म्हणून पैसे घ्यायचे, हा धंदाच.

"ठीक," ते म्हणाले. "खिडकी लाव. मी अजून मेलो नाही."

३

तळ्यावरून वळण घेताना मास्तरांच्या घोट्यांना ऊब लागली.

ती मऊ होती. मांजर पायात घोटाळावं तशी ती आधी एका पायाला लागली, मग दुसऱ्या. मास्तरांनी खाली पाहिलं. नॉब पूर्ण बाहेर आलेला होता. त्याच्यामागची चकचकीत तार बोटभर दिसत होती. डॉक्टरचा उजवा हात इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलवर होता, म्हणजे नॉबच्या शेजारीच.

या वेळी वासही आला. जळक्या तेलाचा, कडवट. मास्तरांनी नॉब आत दाबला.

"हीटर बंद, झडपा उघड्या, खिडकी उघडी," डॉक्टर म्हणाला. मग, "बाबा, एकदा झालं की हे. आता वळणावर कशाला? मी उंची सांभाळू का तुमचा हात?"

"माझा हात?"

"मग काय माझा?"

"अरे गाढवा, विमानात विनोद करायचा नाही."

"तेच म्हणतोय मी."

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. ठिपका राखाडी झाला होता. त्यांच्या कपाळात, भुवयांच्या बरोबर मधे, कुणी अंगठा टेकवल्यासारखं दुखू लागलं. त्यांनी मनातल्या मनात स्वतःचाच धडा स्वतःला दिला : गॅस आत आलाय. सायलेन्सर गळतोय. मिस्त्रीला मिशी उतरवावी लागणार. आता वाटेल ते दिसेल, वाटेल त्याचा संशय येईल, तिकडे लक्ष द्यायचं नाही. परत फिरायचं.

"परत चल," ते म्हणाले. मग रेडिओवर, "चिऊ, परत येतोय. थोडा धूर आहे. काळजी नाही."

"बाबा, 'चिऊ' नाही, 'क्लब रेडिओ' म्हणायचं," तिचा आवाज आला. "तुमचाच नियम आहे." आणि मग नियम मोडून : "ते बरे आहेत ना?"

"बरे आहेत. विनोद करतायत."

रेडिओचं बटण सोडून त्यांनी पाहिलं, तर नॉब बाहेर होता.

४

यानंतर जे झालं ते दोघांनाही शोभणारं नव्हतं.

मास्तरांनी फूटपट्टी काढली आणि डॉक्टरच्या बोटांवर मारली. नेहमी ते सपाट मारत. या वेळी धारेने मारली. पेरांवरची कातडी फाटली आणि थ्रॉटलवर रक्त सांडलं. डॉक्टरने हात झटकला तेव्हा ते काचेवरही उडालं.

"वेडे झालात काय?"

"हात लावायचा नाही तिथे!"

"मी लावलाच नाही! तुम्हीच ओढता, तुम्हीच मारता!" डॉक्टरचा चेहरा लालभडक झाला होता, नुकती दाढी केल्यासारखा तुकतुकीत. असा लाल रंग कशाने येतो, हे मास्तर मुलांना सांगत असत. "मला ठाऊक आहे. घरात मी तुम्हाला चालवून घ्यावा लागतो. म्हणून इथे तरी नापास करायचं, खरं ना? उतरू दे, चिऊला सांगतो सगळं."

"नॉब सोड."

"तुम्ही सोडा."

नॉब कुणाच्याच हातात नव्हता. दोघांनीही एकदमच त्यावर झडप घातली. मास्तरांनी पुन्हा धारेने मारली आणि बोटाचं हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. डॉक्टर किंचाळला आणि त्याने कोपर फिरवलं. दातांच्या डॉक्टरने सासऱ्याचा पुढचा दात पाडला. भूल न देता. तोंडात रक्त, जिभेवर दाताचा तुकडा, आणि या धक्काबुक्कीत डॉक्टरच्या अंगाचा भार समोरच्या सुकाणूच्या दांड्यावर पडून विमानाचं नाक खाली गेलं. काचेत आकाशाऐवजी तळं आलं. तळं मोठं होऊ लागलं.

"सोड! सोड दांडा!"

डॉक्टरने सोडला नाही. त्याची नजर तळ्यावर नव्हतीच. ती सासऱ्यावर होती, आणि तिच्यात एवढा जुना, एवढा साठवलेला राग होता की मास्तरांना तशातही वाटलं, हा सगळा माझ्या वाट्याचा नसावा. त्यांनी मधला लाल सिलिंडर उपसला आणि जावयाच्या कानशिलावर हाणला. एकदा. तो मुंडी फिरवून परत आला, म्हणून दुसऱ्यांदा.

डॉक्टर दांड्यावर कोसळला. मास्तरांनी त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं, सीटच्या पट्ट्यात अडकवलं आणि दुसऱ्या हाताने दांडा ओढला. विमान करकरलं. अंगावर पोतं टाकल्यासारखं वजन आलं. मग तळं काचेतून खाली घसरलं आणि तिथे पुन्हा आकाश आलं.

त्यांनी नॉब दाबला. दोन्ही झडपा, दोन्ही खिडक्या उघडल्या. गार वारा आत असा घुसला की डोळे मिटले. डॉक्टर श्वास घेत होता. नाकातून रक्ताचा फुगा येत-जात होता. 'नीट आणा म्हणजे झालं,' एवढंच ती म्हणाली होती. मास्तर तोंड उघडं टाकून तो वारा पीत राहिले. कपाळावरचा अंगठा हळूहळू उठला. डोकं ताळ्यावर आहे का पाहायला त्यांनी सतराचा पाढा उलटा म्हणायला घेतला. एकशे सत्तर. एकशे त्रेपन्न. एकशे छत्तीस. एकशे एकोणीस. कुठे अडखळले नाहीत. एकशे दोन. पंच्याऐंशी.

डॉक्टरचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते. एकाचं बोट भलतीकडे वळलेलं.

अडुसष्टवर नॉब बाहेर आला.

तो हळू आला. कुणी ओढला नाही, आणि कुठे हिसकाही बसला नाही. पाहता पाहता तार बोटभर उघडी पडली आणि घोट्यांना ऊब लागली.

५

विचार करायची सवय वाईट असते. ती नको तेव्हा सुटत नाही.

मास्तरांनी नॉब दाबला आणि तसाच डाव्या तळव्याखाली धरून ठेवला. उजव्या हाताने विमान सरळ ठेवलं. इंजिन थरथरतं, थरथरीने नॉब सरकतो, हे त्यांनी स्वतःला सांगितलं. तळव्याला थरथर लागतही होती. पण तिच्याखाली आणखी काही होतं. नॉब तळव्यावर रेटत होता. थोडा वेळ रेटायचा, मग सैल व्हायचा, मग पुन्हा, अधिक जोराने. दार आतून लावलेलं असावं आणि बाहेरच्याने खांदा लावावा, दम खावा, पुन्हा खांदा लावावा, तसं.

आणि तेव्हा मास्तरांना कळलं, की इतका वेळ दोघेही चुकीच्या बाजूला पाहत होते. नॉब म्हणजे एका ताठ तारेचं टोक. तार समोरच्या पत्र्यातून पलीकडे जाते, इंजिनाच्या खोलीत, आणि तिथे हीटरची झडप उघडते, मिटते. इकडून ओढला की झडप उघडते. पण तिकडून झडप ढकलली, तरी नॉब बाहेर येणारच.

इथे कुणीच ओढत नव्हतं. पलीकडून ढकलत होतं.

त्यांनी शेजारी मान टाकलेल्या जावयाकडे पाहिलं. त्याच्या कानातून रक्त कॉलरमध्ये उतरत होतं. हे आपण केलं. ज्याचा काही संबंध नव्हता त्याला आपण मारलं, आणि तोही बिचारा मरणाच्या दारात तोंडाने धडा म्हणत होता, हीटर बंद, झडपा उघड्या.

"क्लब रेडिओ," मास्तर म्हणाले. ओठ सुजल्यामुळे शब्द बोबडे आले. "सरळ येतोय. गाडी आण. मिस्त्रीला घे. डॉक्टर बोलव."

"डॉक्टर तर तुमच्याबरोबर आहेत, बाबा." मग अगदी लहान आवाजात, "त्यांना बोलू द्या ना एकदा."

"झोपलेत."

तिने पुन्हा विचारलं नाही. मास्तरांना वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तळव्याखाली खांदा पुन्हा लागला.

६

धावपट्टी दिसली तेव्हा मास्तरांनी इंजिन बंद केलं.

हा वेडेपणा नव्हता. डावा हात नॉबवरून उचलता येत नव्हता, म्हणजे थ्रॉटल हाताळता येत नव्हतं. इंजिनच बंद केलं तर धूर नाही, धूर नाही तर गॅस नाही. उंची पुरेशी होती. त्यांनी शेकडो मुलांना इंजिनाशिवाय उतरायला शिकवलं होतं. गुडघ्याने पेट्रोल तोडणारा दांडा ढकलला, इंजिन खोकलं आणि मेलं. पंखा दोनचार वेळा लोळला आणि काचेसमोर आडवा थांबला.

मग शांतता. उघड्या खिडक्यांतून वाऱ्याची शीळ, बाकी काही नाही.

वास गेला नाही.

सायलेन्सर तापलेला आहे, मास्तरांनी स्वतःला सांगितलं. थोडा धूर आत राहिला असेल. पण रेटाही थांबला नव्हता. उलट आता इंजिनाची थरथर नसल्यामुळे तो साफ कळत होता. तळवा दुखू लागला होता. मनगटात कळ आली, कोपर जरासं वाकलं, नॉब अर्धं बोट बाहेर सरकला आणि त्यांच्या पायांपाशी, हीटरच्या जाळीतून, ऊब आली.

आली आणि थांबली.

मग त्यांच्या विजारीचं कापड जाळीकडे ओढलं गेलं. जाळीला चिकटलं. सुटलं. पुन्हा ऊब आली, ओलसर. पुन्हा कापड जाळीला चिकटलं.

उडत्या विमानात बाहेरची हवा हीटरमधून आत येते. ती बाहेर कधी जात नाही. हे मास्तर फळ्यावर काढून दाखवू शकले असते. त्यांनी दात-ओठ खाऊन, म्हणजे उरलेले दात खाऊन, नॉब पुन्हा आत दाबला. पलीकडे काहीतरी पत्र्यावर आपटलं. विमानाचं नाक त्या आपटण्याने किंचित डावीकडे वळलं.

सतराचा पाढा त्यांनी पुन्हा म्हणून पाहिला. बिनचूक आला. तेव्हा त्यांना पहिल्यांदा रडू आलं.

७

विमान टेकलं ते टेकलं म्हणण्यासारखं नव्हतं. डावं चाक मोडलं, पंखाने गवत खरवडलं आणि अर्धा फेरा घेऊन ते थांबलं. डाव्या बाजूचं दार चेपलं. क्लबची गाडी शेजारी येऊन थांबायच्या आत चिऊने उडी मारली होती.

"देवा! बाबा, काय झालं यांना? कुणी मारलं?"

"मी," मास्तर म्हणाले. "आधी त्याला काढ. दूर ने. विमानापासून दूर ने."

मिस्त्रीने दार पहारीने उचकटलं. दोघांनी मिळून डॉक्टरला बाहेर ओढलं. तो कण्हला. त्या कण्हण्यासरशी चिऊ रडू लागली, कारण मेलेला माणूस कण्हत नाही. तिने त्याला काखेत धरून ओढत गवतावर नेलं, थेट विमानाच्या नाकासमोर, कारण तिथे विमानाची सावली होती.

"तिथे नको!" मास्तर ओरडले. "आणखी लांब!"

"बाबा, तुम्हीही या ना बाहेर."

मास्तर उठले नाहीत. ते दोन्ही तळवे नॉबवर ठेवून, दोन्ही पाय समोरच्या पत्र्याला टेकवून, ओणवे बसले होते.

मिस्त्रीने आत डोकं घातलं. "मास्तर. सोडा ते. उतरलात तुम्ही."

"रेटतंय, मिस्त्री. पलीकडून रेटतंय."

"कोण?"

"ते मला कसं ठाऊक असणार? तू बसवलंस सायलेन्सर, मला विचारतोस?"

मिस्त्रीने चिऊकडे वळून हळूच म्हटलं, "गॅस चढलाय. तेच शिकवायचे ना, आधी अक्कल जाते." मग मास्तरांना, लहान मुलाला समजवावं तसं, "हे बघा, तारेला पीळ पडलाय. पीळ पडला की ती स्प्रिंगसारखी परत येते. इंजिनाचं झाकण उघडून तार सोडवतो, मग रेटणारही नाही आणि काही नाही. दोन मिनिटांचं काम."

"झाकण उघडू नकोस."

"बरं, बरं."

"मिस्त्री, माझं ऐक. इतक्या वर्षांत मी तुझं सगळं ऐकलं. विमान तुझं, बाबा, घे, तुझं. झाकण तेवढं उघडू नकोस."

"आता कबूल केलंत," मिस्त्री म्हणाला आणि हसत नाकाकडे गेला.

त्याला अडवायचं तर उठायला हवं होतं. उठायचं तर नॉब सोडायला हवा होता. मास्तर ओरडत राहिले, रक्ताळलेल्या तोंडाने, काय ओरडतोय ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. नाकावरच्या कड्या सुटल्याचा आवाज आला. एक. दुसरी. काचेसमोर इंजिनाचं झाकण वर उचललं गेलं आणि मिस्त्री त्याच्याआड गेला. आता फक्त त्याचा आवाज येत होता.

तळव्यांखालचा रेटा त्याच क्षणी थांबला.

हळूहळू कमी झाला नाही. कुणी हाक मारल्यावर माणूस हातातलं काम टाकून वळतो, तसा थांबला.

"या, बघा येऊन," झाकणाआडून मिस्त्री म्हणत होता. "नवाकोरा सायलेन्सर. ना चीर, ना डाग. तारही सरळ आहे. उगाच तुम्ही पोराला—"

आवाज मधेच बंद झाला. ओरडणं नाही. ओल्या फडक्याला पीळ द्यावा तसा काहीसा आवाज, आणि झाकणाच्या आतल्या बाजूने पत्र्यावर थडथड, अगदी थोडा वेळ. झाकणाच्या फटीतून काचेवर लाल पाणी उतरलं आणि वाऱ्याने थरथरत खाली ओघळलं. मिस्त्रीचा एक हातमोजा गवतावर पडला. त्यात हात होता.

मग नॉब मास्तरांच्या तळव्यांना सारून बोटभर बाहेर आला आणि विमानाचं नाक वर उचललं गेलं. पुढच्या चाकावरचं मोठं ओझं कुणी उतरवावं, तसं ते निःश्वास टाकून हलकं झालं.

चिऊ नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती झाकणाच्या पलीकडच्या बाजूला पाहत होती, जी बाजू मास्तरांना दिसत नव्हती. तिची नजर आधी वर गेली, माणसाच्या उंचीच्या पुष्कळ वर. मग ती खाली येऊ लागली. जसजशी खाली येत होती तसतशी जवळ येत होती. तिने ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडायच्या ऐवजी ती नवऱ्याच्या अंगावर आडवी झाली, दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकून.

मास्तरांनी दाराकडे झेप घेतली. उठता उठता त्यांचा हात नॉबला लागला आणि नॉब आपणहून आत सरकून बंद झाला. बाहेर पडणाऱ्याने मागचं दार सवयीने ओढून घ्यावं, तसा.